भुशात घासलेले हात

उंदराच्या पिल्लाला हात लावण्याआधी काशिनाथमामा हातमोजे त्याच पिंजऱ्यातल्या भुशात चांगले घासून घ्यायचे. शिरूरजवळच्या त्या प्रयोगशाळेत मी नवा साहेब. पहिल्याच दिवशी मी त्यांना हटकलं. "आईला परका वास आला की पिल्लू जवळ घेत न्हाई साहेब, खाऊन बी टाकती," ते म्हणाले. मी मनात म्हटलं, आले मोठे शास्त्रज्ञ!

तान्ह्या मुलांची औषधं आधी उंदरांच्या पिल्लांना पाजून बघतात, कारण वाढत्या अंगाची तऱ्हाच वेगळी. मामा ठेकेदाराकडचे कामगार, न्हावऱ्याहून एसटीने यायचे. बोटाच्या पेराएवढी गुलाबी पिल्लं तळहातावर घेऊन म्हणायचे, "ही मरणारच हायती, ठावं हाय मला. पर फुकट न्हाई मरू द्यायची."

भीमजयंतीला मामा मिरवणुकीसाठी दुपारीच निघाले. तान्ह्यांच्या आकडीवरच्या औषधाचा प्रयोग चालू होता, आणि संध्याकाळी पिल्लांची वजनं करायचं काम माझ्याकडे आलं. "भुसा तेवढा इसरू नगा," त्यांनी बजावलं. पण मला पुण्याची गाडी गाठायची होती. भुसाबिसा कोण घासत बसतंय! दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर दोन पिंजऱ्यांत पिल्लं अर्धीमुर्धी खाल्लेली. माझी पाचावर धारण बसली.

नेमकी ती जास्त डोसची पिल्लं होती. औषधाने मेली असं नोंदलं असतं तर ते औषध तिथंच बंद पडलं असतं. एवढं पाप काही माझ्याने झालं नाही. हाताळताना चूक झाली, असंच मी लिहिलं. फक्त हाताळणाऱ्याच्या जागी नाव मामांचं घातलं.

कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो सावकाश वाचला, मग माझ्याकडे बघितलं. मला वर बघवेना.

"औषधाला बोल न्हाई ना लागला?"

"नाही, मामा."

"मग आना पेन."

आठवड्याच्या आत ठेकेदाराने त्यांना काढून टाकलं. मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. सांगायलाही लाज वाटते.

मामा गेल्याचं यंदा तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात कुणीतरी सांगितलं. न्हावऱ्याला गेलो. मामींनी चहा ठेवला. "तुमीच व्हय ते साहेब? पिल्लं मारली म्हून कामावरनं काढलं, आसं लोकं तोंडावर बोलायची वो. हे हासायचे निस्ते. म्हणायचे, साहेब अजून तरुन हाय, भ्यालाय. एक दिस आपल्या हातानं खरं लिवंल."

चहा कसाबसा संपवून उठलो.

ते औषध आज मुलांना मिळतं. मामांच्या सहीचा कागद अजून फायलीत तसाच आहे, आणि ती फाईल माझ्याच ताब्यात असते, कारण त्या प्रयोगशाळेचा प्रमुख आता मी आहे. हे सगळं लिहिलं खरं. पण याही पानावर माझं नाव मी घातलेलं नाही.