भाषण चालू असताना झालेल्या गप्पा

ओनोरिना मोस्काला ऐकू येत नाही, हे बिएल्लाच्या खोऱ्यात कुणालाच ठाऊक नव्हतं. यात तिची हुशारी कमी आणि मागांची कृपा जास्त. ज्या लोकरीच्या गिरणीत तिचं आयुष्य गेलं, तिथं मागांचा एवढा धडधडाट, की कान असले काय अन् नसले काय! बायका आवाज न काढता नुसत्या ओठांनी बोलायच्या आणि एकमेकींची तोंडं वाचायच्या. या टोकाची बाई रात्री नवऱ्याला काय बोलली, ते त्या टोकाला बरोब्बर पोचायचं. बाहेर कुणी मागून हाक मारली आणि ओनोरिनानं वळून पाहिलं नाही, की लोक म्हणायचे, "काय शिष्ट बाई आहे!" तिलाही ते बरंच वाटायचं. बहिरी म्हणवून घेण्यापेक्षा शिष्ट परवडलं.

तिची धाकटी बहीण देल्फिना शेजारच्याच मागावर होती. ती सावोनाच्या बंदरातल्या एका हमालाशी लग्न करून गेली, आणि मग नऊ वर्षं दोघींची गाठ नाही. लिहायला दोघींनाही येत नव्हतं. रविवार सोडून सुट्टी नाही, आणि रविवारी जाऊन येण्याइतके पैसे नाहीत. ओनोरिना कुणापाशी रडली नाही, पण मनातून पार झुरत होती बिचारी.

अशात दोपोलावोरोची स्वस्त गाडी सावोनाला निघाली. दोपोलावोरो म्हणजे सरकारचं कामगारांसाठीचं फुरसत मंडळ. गाणी, नाटकं, रस्सीखेच, सहली, सगळं करा, फक्त आपल्या मनानं काही करू नका! त्या गिरणीत मंडळाचे चिटणीस होते हेडक्लार्क बोत्सोसाहेब. सरकारी पक्षाच्या काळ्या शर्टाची बटणं पोटावर जेमतेम तग धरून असायची त्यांची. ओनोरिनानं आधीच बंदराकडे जाणाऱ्या गाडीवाल्याकडून बहिणीला निरोप धाडला, आणि मग साहेबांना गाठलं.

"साहेब, माझी बहीण तिथंच राहते. कार्यक्रमातनं तासभर सोडाल का?"

"छे छे! तुला सोडलं की दुसरीची मावशी निघेल, तिसरीचा मामा निघेल. संध्याकाळी गाडीत मी एकटाच! स्टेशनावरून रांगेनं समुद्रावर, भाषण, कवायत, डबा, फोटो, परत गाडीत. रांग सोडायची नाही, सांगून ठेवतो."

ती मागावर परतली.

समुद्रावर बायकांना ओळीत उभं केलं. समोर दोर बांधलेला, दोरापलीकडे गावची बघी मंडळी. बाजूच्या मंचावर पक्षाचे जिल्ह्याचे पुढारी. कर्ण्याचा आवाज एवढा मोठा, की कबुतरं उडाली. बाकीच्या समुद्र बघून हरखल्या होत्या. ओनोरिना दोरापलीकडची तोंडं शोधत होती. आणि सापडली! देल्फिना थोडी जाड झाली होती, हाताला चार वर्षांची पोर.

"फीना!" ओनोरिनाचे ओठ हलले.

"नोरी! अगं, किती वाळलीस! खातेस की नाही?"

"तू आहेस ना दोघींचं खायला!"

ओळीत खसखस पिकली. मागावरच्याच सगळ्या बायका. त्यांच्यापासून काय लपतंय? जिला देल्फिनाचं तोंड दिसत होतं, ती मागचीला सांगत होती. पुढारी साम्राज्याच्या भवितव्याबद्दल बोलत होते. हसू पाहून त्यांना वाटलं, लोक खूष आहेत. त्यांनी आवाज चढवला.

"तो नोतू अजून तसाच हिंडतो का गं?" देल्फिनानं विचारलं. "झालं का त्या येड्याचं लग्न?"

ओनोरिनाच्या शेजारी पिनोता उभी होती. तीच उत्तरली, "झालं की! माझ्याशीच!"

देल्फिनानं तोंडावर हात मारला. बायका अशा हसल्या, की बोत्सोसाहेब डोळे वटारत ओळीपुढून फिरून गेले. ते पाठमोरे होताच ओनोरिनानं विचारलं, "ही एकच का तुला?"

देल्फिनानं पोरीला जवळ ओढलं.

"आधी एक मुलगा झाला होता. नाव ठेवायच्या आधीच गेला. तू हवी होतीस गं तेव्हा. इथं कुणापाशी रडू?"

ओनोरिनाला भडभडून आलं. पिनोता हुंदके द्यायला लागली आणि बघता बघता अख्खी ओळ रडू लागली. पुढारी नेमके गव्हाच्या पिकावर आले होते. दर एकरी उत्पादन वाढल्याचं ऐकून बायकांना रडताना त्यांनी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांनी स्वतःच रुमाल काढून डोळे पुसले.

"बोत्सो," ते कर्ण्यातूनच म्हणाले, "असे श्रोते मला कुठं मिळाले नाहीत! कवायत रद्द. या भगिनींना संध्याकाळपर्यंत मोकळं सोडा."

"पण साहेब, कार्यक्रम छापलेला..."

"मोकळं सोडा म्हणतो ना!"

पिनोतानं ओनोरिनाला ढकलत सांगितलं, "बघतेस काय? सुटलो! पळ!"

ती दोराखालून वाकून गेली. दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. देल्फिना तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत रडत कानाशी बोलायला लागली, नऊ वर्षांचं साठलेलं सगळं. ओनोरिनाला नुसता गरम श्वास लागत होता. इतक्या वर्षांनी बहीण बोलतेय, आणि आपल्याला एक शब्द कळत नाही! तिनं देल्फिनाला धरून मागं ढकललं.

देल्फिनाचा चेहरा उतरला. "रागावलीस माझ्यावर?"

"रागावू कशाला, वेडे! कानात नको सांगूस. कान गेले माझे, कधीच गेले. तोंड बघू दे तुझं."

हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. देल्फिनानं झग्याला लोंबकळणाऱ्या पोरीचे खांदे धरले आणि तिला मावशीसमोर नीट उभं केलं.

"मावशीशी बोलताना तिच्या तोंडाकडे बघायचं. आणि सावकाश बोलायचं. सांग बघू तुझं नाव."

डॉक्टरला घसा दाखवावा तसं पोरीनं तोंड उघडलं आणि एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, "ओ-नो-रि-ना."

मावशीला ते पहिल्या झटक्यात कळलं. तरी ती खाली बसली आणि म्हणाली, "पुन्हा सांग."