लाह्यांच्या वासावरून

आमच्या सेलूत ज्वारीच्या लाह्या दोनच वेळा फुटत: नागपंचमीच्या तोंडावर, नाहीतर घरात कुणी अंथरूण धरलं की. नवी सून म्हणून आले तेव्हा मला हे माहीत होतं, पण पटत नव्हतं.

नवरा सकाळी चहात टोस्ट बुडवून कामाला पळायचा. नामांतराच्या बंदमध्ये दुकानं मिटली, टोस्ट मिळेनात, आणि मी संधी साधली. कढत पाण्यातून काढलेली ज्वारी रात्रभर फडक्यात बांधून ठेवली, सकाळी सुकवली, तापल्या कढईत मूठमूठ टाकून फोडली. त्यात फुटाणे घालून जात्यावर पीठ काढलं. वाटीभर पिठात दूध, वर गूळ, झाली न्याहारी. स्वस्त, आणि पोट दुपारपर्यंत गप्प.

सासूबाई दारातूनच कडाडल्या, "घरात कोन आजारी हाय म्हणून लाह्या फोडायलीस? मी न्हाई तोंडात घालणार. मला काय ताप आलाय?"

मीही हट्टी. दर आठवड्याला कढई चढवू लागले. खमंग वास गल्लीभर जायचा, आणि गल्लीनं आपला अर्थ लावला. एक शेजारीण मोसंबी घेऊन आली आणि हळूच म्हणाली, "डॉक्टर काय म्हणायलेत?" तिचा 'रुग्ण', म्हणजे माझा नवरा, तेव्हा आत तिसरी भाकरी मोडत होता. मोसंबी मात्र त्यानंच सोलून खाल्ली, निर्लज्जासारखी.

हसण्यावारी नेलं असतं, पण नणंदेची सोयरीक पालम गावच्या घरी ठरत आली होती. मुलगा तिच्या मनात भरला होता. इतका की ती माझ्याशी भांडायचीसुद्धा विसरली होती. मुलाकडचं कुणीतरी आमच्याच गल्लीत राहायचं. एका सकाळी मुलाची आई न कळवता एसटीनं दारात हजर. आम्ही नेमके वाट्या घेऊन बसलो होतो.

घरातल्या एकेकाकडे बघत ती म्हणाली, "तुमच्या घरी सारख्या लाह्या फुटायल्यात म्हनं. पोरीला काही दुखनं हाय का? आत्ताच सांगा बाई, मागून नको."

नणंदेचा चेहरा पांढराफटक पडला. त्या अवस्थेत कुणालाही ती आजारीच वाटली असती.

सासूबाई पुढे येऊन पाटावर बसल्या. "दुखनं कशाचं? आमी सगळेच रोज खातो. आन गं माझी वाटी."

त्यांची वाटी! मी घाईघाईनं पीठ घेतलं, दूध ओतलं, पुढे ठेवलं. पाहुणीसमोर त्यांनी एकेक घास सावकाश खाल्ला, वाटी पुसून काढली आणि म्हणाल्या, "लय गोड झालंय. आनखी घाल." दुसरीही तशीच संपवली. पाहुणीनं सोयरीक पक्की व्हायच्या आधी मुलीकडे खायचं नाही म्हणून नुसता चहा घेतला. उठताना मात्र नणंदेच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "साखरपुड्याचं बघा आता."

ती वळणापलीकडे गेली. मी सासूबाईंच्या पाया पडायला वाकले, तर त्यांनी माझ्या डोक्यात टपली मारली.

"भवाने, गूळ कुठं हाय?"

गुळाचा डबा कोनाड्यात होता. त्यांना वाढताना मी तो उघडलाच नव्हता.