पत्रावळींच्या रकान्यात

गेल्या वर्षीच्या शारदीय नवरात्रातली अष्टमी. वेळ सकाळी पावणेबारा. रक्कम पाचशे रुपये. हजर: शाखेचे साहेब, तिवारीजी, ऑफिसातले आणखी सात जण, दोन आचारी आणि मी.

आमची कंपनी शेतीचे पंप आणि पाइप विकते. मुख्य कार्यालय इंदूरला. जबलपूरची शाखा विजय नगरात, आणि तिथे मी अकरा वर्षं हिशेब बघत होतो. दर अष्टमीला ऑफिसच्या दारात मांडव टाकून भोग वाटतात. पुरी, काळे चणे, हलवा. वर्गणी सगळ्यांची. रांग रस्त्यापर्यंत जाते.

हलवा तिवारीजी वाढत होते. त्यांचा फोन वाजला, ते बाजूला झाले. रांगेतली एक बाई द्रोण पुढे करून उभी होती. मी पळी उचलली आणि हलव्यात घातली.

"ठेवा ती," साहेब म्हणाले. मराठीत.

मला वाटलं, हात भाजेल म्हणून म्हणत असतील. मी म्हटलं, "असू द्या साहेब, वाढतो ना."

"ठेवा म्हटलं ना."

मी ठेवली. त्यांनी आचाऱ्याला हाक मारली. "महाराज, ये करछी धो के लाओ. और ऊपर का हलवा थोड़ा निकाल दो."

आचाऱ्याने वरचा थर काढला. पाव किलो असेल. कागदावर घेऊन मांडवाच्या मागे टाकला. ती बाई बघत होती. ऑफिसातले सात जण बघत होते. मग साहेब माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "वाईट वाटून घेऊ नका. बाहेरचे लोक आहेत, उद्या कोणी काही म्हटलं तर मलाच ऐकावं लागेल. तुमचे पैसेही मी भोगात धरत नाही. पत्रावळींत धरतो, पहिल्या वर्षापासून. तुम्ही पत्रावळी बघा. तेवढं पुरे."

मी काय म्हणालो तेही लिहिलंच पाहिजे. मी म्हणालो, "ठीक आहे साहेब."

आणि जाऊन पत्रावळी मोजल्या. पंचवीसचा एक गठ्ठा. एकोणीस गठ्ठे. दोनदा मोजले. माझं वय तेव्हा एकोणपन्नास होतं.

साहेब मराठी. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या चाकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. माझे वडील भंडाऱ्याकडून आले, इथल्या संरक्षण कारखान्यात भरती व्हायला. बत्तीस वर्षं लेथवर उभे राहिले. अधारतालला दोन खोल्या बांधल्या. आम्ही बौद्ध. माझा आजा गावात मेलेली जनावरं ओढायचा. हे मी घरात कधी लपवलं नाही. बाहेर लपवावंही लागलं नाही. जबलपुरात ते आपोआप लपतं. हिंदी माणसाला सगळी मराठी आडनावं एकसारखी. "अच्छा, महाराष्ट्रियन हो? पंडित लोग हो?" असं विचारतात. मी हसायचो. हो म्हटलं नाही कधी. नाहीही म्हटलं नाही.

माझं आडनाव वाचता येणारा त्या ऑफिसात एकच माणूस होता, साहेब. नोकरीसाठी गेलो तेव्हा त्यांनी अर्जावरचं आडनाव दोनदा वाचलं होतं. मग विचारलं, "मूळ गाव कोणतं? गावात घर कोणत्या बाजूला?" मी सांगितलं. ते म्हणाले, "चांगलं आहे. आपलाच मराठी माणूस." मी खूश होऊन घरी आलो. बायकोला सांगितलं, साहेब फार मोकळे आहेत.

मग देवीची वर्गणी मी काहून देत होतो? मी देवी मानत नाही. सगळे देत होते म्हणून दिली. एकट्याने नाही म्हटलं की लोक विचारणार, आणि विचारलं की सांगावं लागणार. ते सांगणं टाळायची ती किंमत होती. दर वर्षी मीच भरत होतो.

दसऱ्यानंतरच्या सोमवारी मी तिवारीजींकडे भोगाचं रजिस्टर मागितलं. तिवारीजी रोखपाल. वयाने मोठे, स्वभावाने गोड. पूजेचं सगळं त्यांच्याकडे.

"क्यों भैया? वो तो पूजा का है."

"देखना है."

ऑफिसातला प्रत्येक कागद मी तपासतो. चहावाल्याच्या बिलात सहा रुपये जास्त लागले होते, ते मी पकडले होते. हे एकच रजिस्टर मी अकरा वर्षांत उघडलं नव्हतं. पूजेचं आहे, आपण लांब राहिलेलं बरं, असं वाटायचं. आपण स्वतःच लांब राहत होतो.

पहिली चार वर्षं दोनशे. पुढची चार तीनशे. शेवटची तीन पाचशे. एकूण तीन हजार पाचशे. बाकी सगळ्यांच्या नावापुढे भोग. माझ्या नावापुढे दर वर्षी 'पत्तल-झाड़ू'. सहाव्या वर्षी पत्रावळी स्वस्तात मिळाल्या. माझ्या पैशांतले ऐंशी रुपये उरले. त्याच वर्षी तूप कमी पडलं होतं. ते साहेबांनी खिशातून आणवलं, तशी नोंद आहे. माझ्या ऐंशी रुपयांचं फिनाईल आणलं. तीही नोंद आहे.

"ये किसने लिखवाया?" मी विचारलं.

"अरे भैया, छोड़ो ना. साहब ने पहले ही साल बोला था."

"आपने पूछा नहीं, क्यों?"

"पूछा था. बोले, इनके यहाँ भोग में पैसा नहीं देते. इनका अपना नियम है. हम समझे, होगा कोई नियम." तिवारीजी माझ्याकडे बघायला लागले. "क्यों, नहीं है क्या?"

पळी धुतली ते मला लागलं होतंच. पण हे जास्त लागलं. अकरा वर्षं त्या ऑफिसात सगळ्यांना माहीत होतं की हा माणूस स्वतःच्या नियमाने बाजूला उभा राहतो. माझ्या नावावर एक खोटी नोंद होती आणि तिच्याखाली मी दर वर्षी पैसे भरून सही केली होती.

मला ती नोंद दुरुस्त करून पाहिजे होती. दुसरं काही नको. साहेबांनी रजिस्टरमध्ये लिहावं की हा नियम माझ्याकडचा नव्हता, त्यांचा हुकूम होता. आणि सगळ्यांसमोर तसं सांगावं.

आता अडचण. आमचे मुख्य लेखापाल डिसेंबरअखेर निवृत्त होणार होते. ती जागा माझी, असं साहेबांनी दोनदा तोंडी सांगितलं होतं. महिन्याला नऊ हजार जास्त. मुलगी नागपूरला फार्मसी शिकते. तिचं होस्टेल आणि जेवण मिळून महिन्याला साडेआठ हजार. म्हणजे ती जागा मिळाली की पोरीचा महिन्याचा खर्च सुटत होता, वर पाचशे उरत होते.

बायकोला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. तिने हात थांबवले नाहीत.

"अकरा वर्षं काहून दिले तुम्ही?"

"सगळे देत होते."

"सगळ्यांचं पोट दुखलं तर तुमचंही दुखते का?" मग म्हणाली, "नऊ हजार लागतात आपल्याला. खोटं काहून बोलू? मला पाहिजेत ते. पण ते घेऊन तुम्ही असेच घुम्यासारखे बसून राहणार असाल, तर मला तुमच्यासंग राहणं जड जाईन."

महिनाभर मी काही केलं नाही. चार वेळा अर्ज लिहिला, चार वेळा फाडला. जेवताना हिशेब, बसमध्ये हिशेब. जानेवारीपर्यंत थांबावं, ऑर्डर हातात आली की बोलावं, असंही ठरवलं. मग वाटलं, तेव्हा बोलायला आणखी एक कारण अडवेल. वाढलेला पगार अडवेल.

नोव्हेंबरच्या शेवटी, गुरुवारी, एका पानाचा अर्ज घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. अकरा ओळी. वर्ष, रक्कम, रकाना. खाली माझी मागणी.

त्यांनी वाचला. चष्मा काढला.

"बसा."

मी बसलो नाही.

"तुमची ऑर्डर टाईप करून ठेवली आहे," ते म्हणाले. ड्रॉवर उघडून दाखवली. खरंच होती. माझं नाव होतं. "फक्त सही बाकी आहे. हा कागद परत घ्या, आत्ता करतो."

"रजिस्टरमध्ये तेवढी दुरुस्ती करा साहेब. मग सही करा की नका करू."

"काय करून राहिले तुम्ही? इतक्या वर्षांचे संबंध आहेत." त्यांचा आवाज खरोखर दुखावलेला होता. "तुम्हाला घेतलं कोणी? मी. इथे कोणाला कळू दिलं का तुम्ही कोण ते? एक शब्द नाही. अकरा वर्षं झाकून ठेवलं तुमचं. आणि तुम्ही माझ्यावरच कागद आणता?"

झाकून ठेवलं. हे खरं होतं. त्यांनी झाकलं होतं आणि मी झाकू दिलं होतं. दोघं मिळून एकाच वस्तूवर कापड धरून उभे होतो, आणि ती वस्तू मी होतो.

"माझ्यात झाकण्यासारखं काय आहे साहेब?" मी विचारलं.

त्यांनी ड्रॉवर बंद केला. मी बाहेर आलो. आठही जण जागेवर होते. मी आपल्या टेबलाजवळ उभा राहिलो आणि हिंदीत बोललो, कारण त्यांना तेच कळतं.

"दो मिनट सुनिए. भोग में मेरा पैसा अलग रखा गया, वो मेरे यहाँ का नियम नहीं है. मैं बौद्ध हूँ. मेरे दादा महार थे, गाँव के बाहर रहते थे. पैसा अलग रखना साहब का नियम था. अष्टमी को करछी धुली, वो भी उन्हीं का नियम था. बस."

तिवारीजी खाली बघत होते. शेवटी माझ्या हाताखालचा मुलगा, ज्याला मी जीएसटीचे फॉर्म भरायला शिकवलं, तो म्हणाला, "अरे भैया, आजकल ये सब कौन मानता है?"

"अंदर जाके पूछ लो," मी म्हटलं.

तो हसला. बाकीचे हसले नाहीत.

एक जानेवारीला मुख्य लेखापालाची जागा त्याच मुलाला मिळाली. मला शहपुऱ्याच्या गोदामावर पाठवलं. पगार तोच, जाण्यायेण्याचा खर्च माझा. बसने एक तास जायला, एक तास यायला. दिवसाचे ऐंशी रुपये. गोदामात पाइप मोजायचे, ट्रॅक्टर घेऊन आलेल्या शेतकऱ्यांना चलान फाडून द्यायचं. सगळ्यांना वाटलं मी राजीनामा देणार. साहेबांना तर खात्रीच होती. मी हिशेब केला. राजीनाम्याने त्यांचं सगळं सुटत होतं, माझं काहीच सुटत नव्हतं. मी गेलो. पहिल्याच महिन्यात साठ्यात चौदा पाइप कमी निघाले. लेखी कळवलं.

इंदूरला तीन पत्रं पाठवली. पहिल्या दोन्हींना उत्तर नाही. तिसऱ्यानंतर एक अधिकारी आला. चहा प्यायला आणि म्हणाला, "आप सीनियर आदमी हैं, बड़प्पन दिखाइए." त्यानंतर आठवड्याने तिवारीजींच्या हाती एक पाकीट आलं. आत तीन हजार पाचशे रुपये. चिठ्ठी नाही, सही नाही.

"ये किस बात का?" मी विचारलं.

"आपका ही तो है भैया. रख लो, बात खत्म."

"साहब से कहिए, किस बात का है वो लिखकर दें. मैं रसीद दूँगा."

पाकीट परत गेलं. लिहून काही आलं नाही.

या वर्षी नवरात्र बसलं आणि तिवारीजी पुन्हा शहपुऱ्याला आले. उन्हातून आलेले, घामाघूम. आधी पाणी दिलं. मग त्यांनी पिशवीतून तेच रजिस्टर काढलं.

"खुशखबर है भैया. साहब ने खुद कहा है, इस साल आपका पाँच सौ हलवे में लिखना."

ते मनापासून खूश होते. मला त्यांचा राग आला नाही. मागच्या वर्षी कोणी हे म्हटलं असतं तर मी पाचशेच्या जागी हजार काढून दिले असते, हे मला माहीत आहे. तेच आठवून अंगावर काटा आला.

"नहीं दूँगा तिवारीजी. लिख दीजिए, नहीं दिया. और क्यों नहीं दिया, वो भी लिखिए."

"अब वो मैं कैसे लिखूँ, भैया?"

"जैसे ग्यारह साल लिखते आए."

त्यांनी रजिस्टर मिटलं. पाणी अर्धंच प्यायले आणि गेले.

मी पुढल्या मंगळवारी रजा टाकली आणि एका वकीलबाईंना भेटलो. गेल्या दसऱ्यानंतर काढलेले रजिस्टरच्या पानांचे फोटो, तीन पत्रांच्या पोहोचपावत्या, बदलीचा हुकूम, सगळं तारखेप्रमाणे लावून नेलं होतं. त्यांनी विचारलं, "मुआवज़ा कितना माँगना है?"

"पैसा नहीं. लिखकर मानें, और सबके सामने पढ़ें. और पदोन्नति किस आधार पर रोकी, वो बताएँ."

"नौकरी जा सकती है."

"मालूम है."

बायकोशी बोलून झालं होतं. नोकरी गेली तर पाच महिने निघतात, त्यानंतर घरावर कर्ज काढावं लागेल. पोरीला फोनवर सांगितलं. तिने मराठीत सुरुवात केली, अडली, मग हिंदीत म्हणाली, "पापा, मेरा नाम भी लिखना पड़े तो लिख देना."

आता कोणी पंडित आहात का विचारलं की मी थांबवतो आणि सांगतो, कोण आहे ते. दुकानात, बसमध्ये, गोदामात. लोकांचा चेहरा बदलतो की नाही ते बघत नाही. प्रकरण लांबेल. तारखा पडतील. जितक्या पडतील तितक्या तारखांना मी हजर राहीन, साहेब येवोत न येवोत.

नोटिशीची फी तीन हजार, टपाल वेगळं बेचाळीस. दोन्ही त्याच मंगळवारी दुपारी वकीलबाईंना रोख दिले. पावती घेतली.