जळगावात बघितलेली दोन घरं

नाशिकहून निघताना बायकोने एकच अट घातली. "घर कसलंही चालेल. पण कोणी काही विचारणार नाही असा शेजार बघा."

आमची मुलगी जाऊन दीड वर्ष झालं होतं. चार वर्षांची होती. ओळखीचे लोक आम्हाला बघून विषय बदलायचे, आणि अनोळखी कोणी "मुलंबाळं किती?" म्हणालं की ही दोन दोन दिवस जेवायची नाही. म्हणून मी जळगावच्या शाळेत बदली मागून घेतली, आणि सुट्टीच्या दिवशी घर बघायला निघालो.

स्टेशनावर उतरलो तर हवेत कापूस! जिनिंगमधले (सरकी काढण्याचा कारखाना) तंतू माझ्या टोपीवर, मिशांवर बसले. टांगेवाल्याला विचारलं, "राहायला कुठला भाग चांगला?"

"स्टेशनाकडचा, साहेब. एकदम शांत." आणि गल्ली आल्यावर म्हणतो, "मी मात्र इथे राहिलो नसतो." घ्या! आता ह्यातलं काय धरायचं?

घर नवं होतं, अंगणात स्वतःची विहीर. मालक पेन्शनर.

"इथे कोणी कोणाच्या उंबऱ्याला येत नाही," ते अभिमानाने म्हणाले.

"शेजारी कोण राहतं?"

"सहा वर्षं झाली. विचारलं नाही."

बायकोला हवं होतं ते नेमकं हेच. मग मी लगेच हो का म्हटलं नाही? मी दिवसभर शाळेत, आणि ती त्या विहिरीपाशी एकटी. मी "कळवतो" म्हणालो आणि निघालो.

खाणावळीत वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) खाल्ली. डोळ्यांतून धारा लागल्या. "भाऊ, आत्ताच रडता? ठेचा बाकी शे (आहे)," वाढणारा म्हणाला. मी हसलो खरा, पण मन काही थाऱ्यावर नव्हतं.

दुसरं घर जुन्या गावात. भिंतीला भिंत, एकाची फोडणी दुसऱ्याच्या नाकात. मी घर बघायच्या आधी अख्ख्या गल्लीने मला बघून घेतलं. शेजारच्या ओट्यावर एक म्हाताऱ्या अक्का बोरं निवडत होत्या.

"कोन गावना, भाऊ?"

"नाशिकचा."

"पोरेसोरे कितला?"

झालं! इथून पळ काढायचा, एवढंच माझं काम होतं. पण तोंडातून गेलं, "एक मुलगी."

"कितली मोठी?"

"पाच वर्षांची."

अक्कांचा चेहरा फुलला. त्यांनी माझं उपरणं ओढून घेतलं आणि चांगली दोन ओंजळी बोरं त्यात बांधली. "आमना मेहरूणना मळानी शेतस (आमच्या मेहरूणच्या मळ्यातली आहेत). बठ्ठी (सगळी) गोड. पोरले दे (पोरीला दे)."

परतीच्या गाडीत ते गाठोडं मांडीवर घेऊन बसलो. काय करून बसलो मी? चाळीसगावला खिडकीतून टाकायला हात उचलला. टाकवेना. शेवटी ठरवलं, बोरं वाटेत कुणाला तरी देऊन टाकायची आणि स्टेशनाकडचं घर घ्यायचं. नाशिक आलं, तरी गाठोडं माझ्याच हातात.

बायकोने गाठ सोडली. मी सगळं सांगून टाकलं. "त्या गल्लीत आता तोंड दाखवायची सोय नाही. स्टेशनाकडे एक घर आहे, तिथे कोणी काही विचारत नाही."

तिने बोरं ताटात ओतली. मग म्हणाली, "दीड वर्षात कोणी तिच्यासाठी काही दिलं नव्हतं." तिने एक बोर पदराला पुसलं. "पाच सांगितलंत?"

"हो. चुकलंच माझं."

"बरोबर सांगितलंत. चैत्रात सहा होईल."

शेजार पारखायचा कसा, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही सांगता यायचं नाही. तिने बोर खाल्लं, बी तळहातावर घेतली आणि म्हणाली, "अक्कांच्या शेजारचंच घर घ्या. खरं काय ते त्यांना मी सांगेन. पण आधी बोरं गोड होती, हे सांगेन."