अर्ध्या लिटरच्या मापात न बसलेली गाडी

पुण्याहून पहाटे निघालो तेव्हा माझ्या व्हॅनचं पोट आणि रस्ता यांच्यात चार बोटांचं अंतर होतं. ते मी मुद्दाम, पदरचे पैसे घालून करून घेतलं होतं. मागच्या कमानपाट्यांतून (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) दोन-दोन पाटे काढले, पुढच्या स्प्रिंगा कापल्या आणि भाकरीएवढ्या जाडीचे रुंद टायर चढवले. गोल दिव्यांची ती जुनी गाडी त्यामुळे फार देखणी दिसते, असं मला ती उभी असताना वाटायचं.

ही व्हॅन मी सहा वर्षांपूर्वी कऱ्हाटीच्या आबांकडून घेतली. आबांनी तिच्यातून वीस वर्षं डेअरीला दूध घातलं. गेल्या वर्षी त्यांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं आणि घराबाहेर पडणं बंद झालं. परवा त्यांचा फोन आला. "पाव्हणं, आपल्या गाडीतनं एकदा मला भिगवणला न्या. मासं खाऊ." मी लगेच हो म्हणालो. गाडी खाली बसवल्याचं बोललो नाही. म्हटलं, बघून खूश होतील.

सासवडपासून पुढे किती गतिरोधक आहेत हे मला ठाऊक नव्हतं. प्रत्येकानं आपली ओळख करून दिली. जेजुरीच्या अलीकडे सायलेन्सरचा आवाज बदलला. मोरगावनंतर नुसता आवाजच उरला.

आबा दारातच उभे होते, कंबरेला पट्टा बांधून. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली.

"बसलीय व्हय?"

"नाही आबा, बसवलीय."

"कुणी?"

"मीच."

आबा आत गेले आणि ॲल्युमिनियमचं एक चेपलेलं माप घेऊन आले. अर्ध्या लिटरचं, दूध घालायचं. "हे खाली उभं घाला बरं." मी गुडघ्यावर बसून प्रयत्न केला. माप उभं जाईना. आडवं केलं तर अडकून बसलं. आबांनी माप काठीनं ओढून काढलं आणि बरोबर घेतलं.

आबांच्या सूनबाईंनी (मी त्यांना वहिनी म्हणतो) पुढच्या सीटवर दोन उशा ठेवल्या. "डॉक्टरांनी दणका अजिबात बसू द्यायचा न्हाय म्हणून सांगितलंय," त्या म्हणाल्या. "बसला तर तुमी बी हितंच ऱ्हावा." मग त्यांनी माझ्या घरासाठी ज्वारीचं पोतं आणि गुळाच्या दोन ढेपा मागे चढवल्या. नको म्हणायची सोय नव्हती. चार बोटांची तीन झाली.

बारामतीपर्यंत मी गाडी गोगलगायीसारखी नेली. प्रत्येक गतिरोधकावर आबांचा हात कंबरेकडे जाई आणि माझा पाय ब्रेकवर. जळोची मागे टाकल्यावर डावीकडे उसातून जाणारा कच्चा रस्ता दिसला. तिथं गतिरोधक नव्हते. मी वळवली.

"तितनं उसाचं ट्रॅक्टर जात्यात," आबा म्हणाले.

मी विचार केला, ट्रॅक्टर जातात तर व्हॅन आरामात जाईल.

उसाच्या ट्रॉल्यांनी तिथं गुडघाभर चाकोऱ्या पाडल्या होत्या आणि मधोमध मातीचा वरंबा उभा होता. व्हॅन त्या वरंब्यावर अलगद जाऊन बसली. चाकं अधांतरी फिरू लागली. आबांना दणका बसला नाही. दणका बसायला गाडी हलावी लागते.

मागून उसाचा ट्रॅक्टर आला. ड्रायव्हर उतरला, वाकून बघितलं.

"आबा, ही गाडी हाय का बोट?"

"भिगवणला चाललोय," आबा म्हणाले. "तितं सोडतो पाण्यात."

"मग हितनं वल्हं मारतच जावा की!"

ट्रॉलीवरचे चौघे खाली आले. आधी ज्वारी उतरवली, मग गूळ, मग दोन्ही उशांसकट आबा. आबा बांधावर पोत्यावर बसले. लोकांनी चाकांखाली उसाची वाढं (शेंडे) कोंबली, साखळी अडकवली. ट्रॅक्टरनं ओढलं तशी गाडी करवादत वर आली आणि तिचं मागचं पोट उघडं दिसलं. आबा तिकडे टक लावून बघत होते.

"पाव्हणं, काढलेलं पाटं कुठं हायती?"

"भंगारात दिले, आबा."

आबा म्हणाले, "त्यातला एक-एक मी वाढवला व्हता. इंदापूरच्या तात्याकडनं घडवून. कॅन हिंदकळू नयेत म्हणून."

ट्रॅक्टरवाल्यानं मान फिरवली आणि उसाकडे बघू लागला. मीही उसाकडे बघू लागलो.

"इंदापूरला चला," आबा म्हणाले. "मासं मागनं."

तात्यांचं पाट्यांचं दुकान हायवेलगतच आहे. भट्टी, ऐरण आणि भिंतीला टांगलेले गंजके पाटे. गाडी बघताच तात्यांनी चष्मा पुसला.

"आबा, हिचं पाय कुणी तोडलं?"

"मालकांनीच."

तात्या माझ्याकडे वळले. "कशापायी?"

"दिसायला चांगली दिसते."

"कुणाला?"

या प्रश्नावर मी अजून विचार करतो आहे.

त्यांनी माझ्या टायरवर अंगठा दाबला, "ह्यात हवा ऱ्हाती कुठं?" असं म्हणून शेजारच्या टायरवाल्याला हाक मारली. दुपारभर काम चाललं. पुढे पूर्ण उंचीच्या स्प्रिंगा बसल्या, चारी चाकांना उंच, जाड कडांचे टायर आले. पाटे भट्टीत लाल झाले, ऐरणीवर वाकले. आबा उन्हात उभे राहून सांगत होते, "आजून जरा कमान दे, तात्या. आजून." शेवटी त्यांनी खिशातलं माप काढून गाडीखाली उभं ठेवलं. वर हात फिरवायला जागा उरली.

"सरका," आबा मला म्हणाले.

मी दोन उशांवर बसलो. आबांनी चपला काढून गाडी हाणली. हायवे सोडल्यावर पहिलाच गतिरोधक आला. त्यांनी तो तिरका घेतला. आधी एक चाक, मग दुसरं. मागे ज्वारीचं पोतं जागचं हललं नाही. भिगवणला आम्ही तळलेली चिलापी (उजनीतला चपटा मासा) आणि भाकरी खाल्ली. आबांनी तीन मासे खाल्ले आणि चौथ्याचे काटे काढून माझ्या ताटात ठेवले.

कऱ्हाटीला पोचलो तर वहिनी दारातच. "दणका बसला का?"

"मला न्हाय," आबा म्हणाले आणि माप माझ्या हातात दिलं.

आता पुण्यात माझी व्हॅन पार्किंगमध्ये सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत बेढब दिसते. मित्र हळहळतात. दर रविवारी आबांचा फोन येतो. ते तब्येत विचारतात, माझी नव्हे. मी माप घेऊन खाली जातो, फरशीवर आडवा होतो.

"जातंय का?"

"जातंय, आबा."

"उभं?"

"उभं."

"मग ये."