शाहीनचा जिताडा

रफिकभाईंचा फोन आला तेव्हा मी भाजी घेत होते. "मंजिरीताई, शाहीन गेली..." एवढंच म्हणाले. आता दीड महिना होईल. कामोठ्यात आमची दारं समोरासमोर, तिचं शेवटचं आजारपण मी रोज पाहिलं. तरी डोळे मिटले की दिसते ती चिखलात उभी राहून ओरडणारी शाहीन!

नवऱ्याच्या, म्हणजे रफिकभाईंच्या, नोकरीमुळे कतारमध्ये असताना तिथल्या एका मैत्रिणीने तिला फ्लाय फिशिंग शिकवलं. गळाला कोळंबी नाही, काही नाही. कोंबड्याची पिसं जरीच्या धाग्याने बांधून केलेला खोटा मासा. जाड दोरी डोक्यावरून मागेपुढे झुलवायची आणि तो हलकेच पाण्यावर सोडायचा. इथल्या गढूळ खाडीत तो कुणाला दिसणार? कित्येक वर्षं ती रिकाम्या हाताने परतायची. "काय शाहीनभाभी, आज पण व्हेज?" सोसायटीतले चिडवायचे. मग कॅन्सरचं ऑपरेशन झालं, उजवा हात खांद्यापासून आखडला, आणि हे वेड संपलं असंच सगळ्यांनी धरलं.

गेल्या वर्षी मात्र गणपती गेले आणि पाऊसही गेला. उन्हं तापली, खाडी निवळली. सकाळीच दारावर थापा. "मंजू, पाणी काचेसारखं झालंय! छोटी बोयटं काठाला आलीत, म्हणजे त्यांना खायला मागे मोठे जिताडे असणार. चल ना!" मी रजा टाकली.

उलव्याकडे भरती चढत होती. तिवरांच्या झाडीलगत बोयटांचा थवा उधळला आणि पाणी फुटलं... काहीतरी मोठं होतं! शाहीनने दोरी झुलवली, ती तिच्याच ओढणीत अडकली. पुन्हा झुलवली, हात अर्ध्यातच थांबला. ओठ चावून तिसऱ्यांदा टाकली मात्र, काठी कमानीसारखी वाकली, रीळ करकरायला लागलं. जिताडा सरळ तिवरांच्या मुळांकडे सुटला. एकदा आत शिरला की दोरी तुटलीच.

"काठी मला दे!" मी ओरडले.

"मेले तरी देणार नाय! तू मला धर!"

मी मागून तिच्या कमरेला मिठी घातली आणि दोघी धपकन चिखलात बसलो. मासा पाण्याबाहेर उसळला, अख्खा चांदीचा! ती कण्हत होती, हसत होती, पण दोरी सोडत नव्हती. शेवटी तो दमून काठाला आला. "जबड्यात अंगठा घाल, मंजू!" मी घातला आणि तो वर उचलला. ती चिखलातच मला बिलगून रडली. "ह्याच हातानं गं... ह्याच हातानं!" संध्याकाळी चिडवणाऱ्या प्रत्येकाच्या घरी कालवणाची वाटी गेली.

हिवाळ्यात आजार उलटला.

परवा रफिकभाई तिची काठी घेऊन दारात उभे. "ती समजवायची आणि मी टीव्ही बघत हो हो करायचो. कशी टाकतात ही?" मलाही नीट कुठे येतं! तरी गच्चीवर गेलो. त्यांची दोरी आधी टाकीवर पडली, मग माझ्या खांद्यावर. खूप वेळाने एकदा ती सरळ, लांब गेली आणि अलगद उतरली. रफिकभाई तिच्याकडे बघतच राहिले.

"ताई," ते म्हणाले, "रविवारी भरती किती वाजता आहे?"