माझ्यावर दाखवा

गावात पोचल्यावर ती आधी ताठ उभी राहायची. समोरच्या बाईला खूण करून म्हणायची, "पाणी कुठवर आलेलं? माझ्यावर दाखवा." ती बाई हसत तिच्या गुडघ्याला, कमरेला, कधी गळ्याला हात लावायची आणि ही वहीत तेवढंच लिहायची: गुडघा, कंबर, गळा. किनाऱ्यावरच्या गावांत तेलुगू बोलत आणि हिला तेलुगू येत नव्हतं. त्यावर तिनं काढलेली ही तोड.

गोष्ट नव्वदच्या दशकातली. कन्नड मुलखात, जयनगरातल्या एका भाड्याच्या घरात आमच्या मदतसंस्थेचं ऑफिस होतं. देशात कुठे दुष्काळ पडेल, कुठे वादळ येईल, कुठली नदी गावात शिरेल याचा अंदाज घेऊन धान्य आधीच कुठे साठवायचं, ते आम्ही ठरवायचो. मी पुण्याहून आलेला, नकाशे आणि कॉम्प्युटरवाला. ती निपाणीकडची, पन्नाशीची. सगळं ऑफिस तिला अक्का म्हणायचं. मी मॅडम म्हणायचो. अक्का म्हणायला माझी जीभ वळत नव्हती.

खरं सांगतो, मी तिच्यावर जळायचो. आठवडाभर खपून केलेला नकाशा साहेबांपुढे ठेवावा, तर ते विचारणार, अक्का काय म्हणते? मग अक्का चष्मा वर सारून बघायची आणि म्हणायची, "सरी आहे की, ठीक आहे. छान रंगवलायस." रंगवलायस! तिच्या उंचीचासुद्धा मला राग यायचा. दारातून येताना ती किंचित वाकायची आणि मी तिच्या खांद्याला जेमतेम लागायचो.

एका उन्हाळ्यात मोठा अहवाल निघाला. अक्काच्या वहीतल्या खुणा फुटांत मांडायचं काम माझ्याकडे आलं. अक्का शेजारच्याच खोलीत होती. कंबर म्हणजे किती फूट, एवढंच विचारायचं होतं. पण मी तिच्या दारात जाऊन विचारू? मी टेप घेतली, दार लावलं आणि स्वतःलाच मोजलं. तासाभरात तक्ता तयार झाला. त्यात किनाऱ्यावरच्या एका गावची शाळा सुरक्षित ठरली, कारण तिचं जोतं पाण्याच्या खुणेपेक्षा चार बोटं उंच होतं. तांदूळ तिथे ठेवा, असं मी लिहिलं.

दिवाळीनंतर वादळ आलं. पाणी शाळेत शिरलं, पोती भिजली, आणि आमची नाव पोचेपर्यंत गावानं दोन दिवस उपाशी काढले. लहान पोरंसुद्धा.

त्या गावाहून परतल्यावर अक्कानं माझा तक्ता मागवला. बराच वेळ वाचला.

"ही कंबर कुणाची रे?"

तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत एकदा पाहिलं. आता माझी नोकरी गेली, असं मी धरून चाललो. ती साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं आणि तोवर मला कन्नड कळायला लागलं होतं. ती सांगत होती की चूक तिची आहे, कंबर कुणाची ते तिनंच वहीत लिहायला हवं होतं. बाहेर येऊन माझ्याशी बोलली ते इतकंच.

"स्वल्प विचारायचं होतंस की."

मी साहेबांकडे जाऊन खरं सांगितलं नाही. उलट मनात जळलोच. माझी चूक ती इतक्या सहज उचलू शकत होती आणि मला माझीच उचलवत नव्हती. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढच्या वर्षी ती निपाणीला परत गेली. तिची जागा मला मिळाली. मला हवी होती तीच.

मी पहिल्यांदा गेलो ते त्याच गावी. शाळेसमोर ताठ उभा राहिलो आणि एका म्हातारीला खुणेनं विचारलं, पाणी कुठवर? तिनं माझ्या कमरेला हात लावला, नकाराची मान हलवली, आणि हात वर सरकवत बरगड्यांवर ठेवला. मी वहीत लिहिलं: बरगड्या, माझ्या.

म्हातारी अजून उभीच होती. तिनं हात माझ्या डोक्याच्याही वर नेला, तिथेच धरला, माझ्यामागे जीपकडे बघितलं आणि विचारलं, "अक्का?"

मला तेलुगू येत नव्हतं. मी मराठीतच म्हणालो, "अक्का नाही आली."